कचऱ्याला जागा द्यायची कुणी?

प्रश्न: आमच्या नगरपंचायतीचा कचरा ओढ्याकाठी पडतो. काल शेळीच्या घशातून दुधाची पिशवी ओढून काढली, हात थरथरत होते. नगरपंचायत म्हणते जागा नाही, तहसीलमध्ये म्हणतात विषय आमचा नाही. जायचं कुणाकडे?

उत्तर १: जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१६ च्या घनकचरा नियमांत धोरण राज्याच्या नगरविकास खात्याचं, जागा मिळवून देणं जिल्हाधिकाऱ्यांचं, गोळा करणं नि प्रक्रिया स्थानिक संस्थेची, अशी वाटणी होती. अर्जाची पोच घ्याच.

उत्तर २: त्याच नियमांत ५० किलोमीटरच्या आतल्या शहरांसाठी खर्च वाटून एक सामायिक भरावभूमीही (उरलेला कचरा पुरायची जागा) होती. पण ताई, ओला कचरा गावातच जिरवायला लावा. तोही गाडीत भरला तर सगळा पैसा डिझेलमध्ये जातो.

प्रश्नकर्ती: उद्याच देते अर्ज. ज्या गावाशेजारी भरावभूमी होईल, त्यांच्या ग्रामसभेला आधी विचारा, हेही लिहिते.