७५ लिटरमध्ये निळा टँग नकोच
घरच्या ७५ लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत क्लाउनफिशच्या जोडीबरोबर निळा टँग मासा चालेल का, असं एकाने विचारलंय. नाही चालणार. दुकानात बोटाएवढा दिसतो, पण वाढतो फूटभर.

क्लाउन दोन्ही लहान, पण आकारात फरक असलेले घ्या. जन्मतः सगळे नर असतात, त्यातला वरचढ पुढे मादी होतो. दोन माद्या एकत्र आल्या तर मारामारी ठरलेली.

सोबत वॉचमन गोबी हा छोटा मासा आणि पिस्टल श्रिंप ही कोळंबी सोडा. श्रिंपला धड दिसत नाही. ती बीळ खणते, गोबी दारात पहारा देतो. तासन्‌तास बघत बसाल! फायरफिश घेतलात तर वर जाळी हवी, तो उड्या मारतो. डॅमसेल मासे स्वस्त असतात, पण पक्के गुंड. शिवाय नंतर त्यांना पकडायचं तर टाकीतले सगळे दगड उपसावे लागतात.