ऑफिस सोडून हातकामाला लागलेल्यांनो, लिहा तुमचं

काल रात्री पोराला भूमितीची वही पूर्ण करायची होती आणि पट्टी सापडेना. माझ्या कामाच्या पेटीतली स्टीलची पट्टी दिली. थोड्या वेळानं रडवेला होऊन आला, "बाबा, तुमची पट्टी खोटी आहे." त्याची पट्टी दप्तरात सापडली होती आणि माझ्या पट्टीवरची १५ सेंटीमीटरची रेघ त्याच्या पट्टीवर दीड मिलिमीटर जास्त भरत होती.

पट्टी खोटी नाही, ती कॉन्ट्रॅक्शन स्केल. ओतलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना शंभराला साधारण एक आटतं, म्हणून लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, तेवढं मोठं करायचं. मला हे कळलं तेव्हा मी ३४ वर्षांचा होतो. त्याआधी १० वर्षं एका ऑफिसात वसुलीचं काम केलं. समोरचा फोनवर रडायला लागला तरी पुढचा नंबर लावायचा. शेवटी शेवटी घरचा फोन वाजला तरी पोटात गोळा यायचा.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न बनवणाऱ्या एका मिस्त्रींकडे जाऊन उभा राहिलो. सहा महिने नुसती पटाशीला धार आणि रंधा. पहिलं पॅटर्न पुलीचं. त्याला टेपर, म्हणजे बाजूंना हलका उतार, द्यायचा राहिला आणि वाळूतून उचलताना अख्खा साचा उचकटला. साचा भरणाऱ्या मोल्डरची सकाळ वाया गेली. मिस्त्री रागावले नाहीत, पण ते पॅटर्न अजून भिंतीला टांगलेलं आहे. पगार निम्म्यावर आला होता. बायकोनं दोन वर्षं शिकवण्या घेऊन घर ओढलं, ते मी विसरणार नाही.

तुमचं सांगा.

गुजरीतली
दादा, पट्टीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. कुकर लावलाय, तेवढ्यात लिहिते. मी अकाउंट्समध्ये होते. सासरे पटवेकरी, दागिने गाठवायचे. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा मी शेजारी बसायला लागले. कोल्हापुरी साजात, गळ्यातल्या दागिन्यात, २१ पानं असतात. माझ्या हातचा पहिला साज न्यायला एक आजी आल्या, दिसत नव्हतं त्यांना फारसं. बोटं फिरवत फिरवत एका पानावर थांबल्या, "बाई, हे पालथं लागलंय." सासऱ्यांना नाही दिसलं, मला नाही दिसलं. तेव्हापासून गाठवून झालं की डोळे मिटून एकदा बोटं फिरवते. झाली शिट्टी, जाते.

पंचगंगेकाठचा
कळंब्याच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनला घातलं नाव, ३६ व्या वर्षी. वरची वयाची अट नाही, बऱ्याच जणांना माहीत नसतं. वर्गातली पोरं १६-१७ ची, पहिल्या दिवशी मला सर समजून उभी राहिली. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ओसरलं तेव्हा बुडालेल्या शेतीपंपांच्या मोटारी नुसत्या येतच होत्या. चिखल धुवायचा, वाळवायची, इन्सुलेशन तपासायला मेगर लावायचा, आणि ते गेलं असेल तर तार परत भरायची. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. एक म्हातारबा पैसे नव्हते म्हणून गूळ घेऊन आले. ऑफिसात बोनस मिळायचा, पण असं कुणी कधी काही आणून दिलं नव्हतं.

कळंब्याची
@पंचगंगेकाठचा दादा, आमच्या घरी मिक्सर लावला की टीव्ही बंद पडतो, काय असेल?

पंचगंगेकाठचा
ताई, दोन्ही एकाच बोर्डावर असतील तर सॉकेट सैल असेल किंवा न्यूट्रल ढिला. स्वतः उघडू नका, जवळच्या वायरमनला दाखवा. आजच.

सुभाषनगरवाला
माझं उलटं आहे. चपलेचं काम घरातलंच, आजोबांपासून. आबांनी मला त्यातून बाहेर काढायला शिकवलं. मी पुण्यात ९ वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलो आणि परत आलो. आबा म्हणाले, "ह्यासाठी शिकवलं काय तुला?" आठ दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी रापीला, कातडं कापायच्या हत्याराला, धार लावून माझ्या पुढ्यात ठेवली.
बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं, शिलाईला कातड्याचीच वादी, खिळा नाही. वेण्या आई घालते, तिच्यासारख्या मला अजून येत नाहीत. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. गिऱ्हाईक कौतुक करतं, फोटो काढतं. आणि बहिणीच्या स्थळाला धंदा काय विचारून माणसं गप्प होतात. हे पण लिहायलाच पाहिजे.

गुजरीतली
@सुभाषनगरवाला दादा, आबांना नमस्कार सांगा.

रंकाळा सकाळ
आबांचं वाचून मलाही लिहावंसं वाटलं. मी परत ऑफिसात गेलो. दीड वर्ष शिरोलीत वेल्डिंग केलं, मनापासून आवडायचं. एका रात्री काच नीट न लावता दोन-चार टाके मारले, पहाटे डोळ्यात वाळू घातल्यागत झालं. ते बरं झालं, पण पाठ धरली ती सुटली नाही. घराचा हप्ता, आईची औषधं, पीएफ नाही. ज्यांच्या मागं कुणी शिकवण्या घेणारं नाही त्यांनी आधी वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवावा, मगच पाऊल उचलावं. अजूनही चांगला जोड दिसला की थांबून बघतो.

उद्यमनगरी (धागाकर्ता)
भावा, तू दीड वर्ष केलंस ते खरंच केलंस. हप्त्याचं तू म्हणतोस ते बरोबर आहे, माझ्या पाठीशी ती होती म्हणून जमलं.

तांबडा पांढरा
पावसात भिजलेली कापशी चप्पल कडक झालीय, काय करू?

सुभाषनगरवाला
उन्हात ठेवू नका. सावलीत दोन दिवस, मग खोबरेल हातानं चोळा, वरून आणि पट्ट्यांना.

कळंब्याची
वायरमन येऊन गेला, न्यूट्रलच ढिला होता. काळा पडला होता. @उद्यमनगरी दादा, पॅटर्नच्या उरलेल्या सागवानात पोळपाट होईल का एक?

उद्यमनगरी (धागाकर्ता)
होईल ताई. व्यास कळवा. तुमच्या पट्टीनं मोजून.