मदत हवी आहे: आजीच्या वडिलांचा शोध, धागा मॉरिशसला

नमस्कार मंडळी. माझ्या आजीचे वडील कोण, घरात कुणालाच ठाऊक नाही. पणजी रत्नागिरीकडची, तिनं ते नाव कधी घेतलंच नाही. डीएनए तपासणी आजीचीच केली, कारण तिच्यात निम्मा वाटा वडिलांचा. जवळची जुळणी एकच: मॉरिशसच्या एक बाई, ११० सेंटिमॉर्गन (दोघांत सारखा असलेला डीएनए मोजायचं एकक). पणजीच्या भावाच्या नातवाशी त्या जुळत नाहीत, म्हणजे बहुधा वडिलांकडच्या. पण तिकडे पूर्वजाचं पहिलं नावच अनेकदा आडनाव झालेलं, त्यावरून घराणं कसं ओळखायचं?

मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटिया, म्हणजे करारावर भारतातून नेलेल्या मजुरांच्या नोंदी आहेत. तिथून कुणी कोकणातलं मूळ गाव काढलंय का? अर्ज त्या बाईंनीच करावा लागेल का? आजी खूप थकलीय, म्हणून घाई आहे. कृपया सांगा.