टेकडीवर मुलांचं लेखन आणि चित्रं: तीन तासांचं नियोजन, कागद, मातीचे रंग

पाटीपेन्सिल:
सातवीची तीस मुलं जुलैच्या शेवटच्या शनिवारी पुण्यात वेताळ टेकडीवर न्यायची आहेत, सकाळी ७ ते १०. वर्गात 'टेकडीवरची सकाळ' हा विषय दिला की हमखास निसर्गरम्य वातावरण आणि पक्ष्यांचा किलबिलाट येतो. चित्रात दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी. प्रत्यक्ष नेऊनही तेच हाती येऊ नये. वेळ कसा वाटावा? पावसात कोणता कागद टिकतो? टेकडीच्या मातीचे रंग करता येतील का?

रानवही:
लेखन परत आल्यावर ठेवलंत तर निबंधच मिळेल. घरी पोचेपर्यंत बघितलेलं पुसट होतं आणि पाठ असलेली वाक्यं पुढे सरकतात. म्हणून पहिला मसुदा टेकडीवरच, आणि चित्र आधी, शब्द नंतर.

सुरुवातीला दहा मिनिटं आवाजाचा नकाशा. पानाच्या मध्यभागी फुली, म्हणजे 'मी'. ज्या दिशेने, जितक्या लांबून आवाज येईल तिथे खूण करायची. पक्ष्याचं नाव येत नसेल तर बिघडत नाही. आवाज जसा ऐकू येतो तसा अक्षरांत लिहायचा. सळसळ, किलबिल, रिमझिम हे तयार शब्द त्या दिवसापुरते बंद. रस्त्यावरचे हॉर्नही नकाशात आले पाहिजेत, ते गाळू देऊ नका.

मग प्रत्येकाने तळहातात मावेल अशी खाली पडलेली एकच वस्तू घ्यायची. तीन मिनिटं कागदाकडे न बघता, पेन्सिल न उचलता तिची कडेची रेघ काढायची. चित्र वेडंवाकडंच येतं आणि तेच हवं असतं, कारण 'मला चित्र येत नाही' म्हणणारी मुलं इथे सुटतात. त्यानंतर वीस मिनिटं बघून काढलेलं चित्र, वस्तूच्या दुप्पट आकारात. लहान काढलं की मुलं तपशील गाळतात. बाजूला मोजमापं: लांबी, गिरिपुष्पाचं पान असेल तर एका देठावर पर्णिका (छोटी पानं) किती, कुठे कुरतडलंय.

लेखन यानंतर. चित्राशेजारी तीन वाक्यं: काय दिसतं, कोणता प्रश्न पडतो, कशाची आठवण होते. याच क्रमाने, कारण आठवण आधी लिहिली की मुलं वस्तूकडे बघणंच सोडतात. मग त्या वस्तूवर कोडं. कोड्यात नाव घेता येत नाही, त्यामुळे गुण आणि क्रियापदं शोधावीच लागतात. अष्टाक्षरीत, म्हणजे ओळीत आठ अक्षरं, बसवायला सांगा, बोटांवर अक्षरं मोजत:

पाय नाही, तरी चढे
हात नाही, तरी धरे

(उत्तर: वेल.) सुंदर, रम्य, मनमोहक, हिरवागार हे शब्द कोड्यात वापरायचे नाहीत, एवढा नियम पुरतो. बक्षीस ठेवू नका. स्पर्धा लागली की सगळे शेजारच्या वहीत बघतात. आणि रानातल्या वहीत शुद्धलेखनाच्या लाल खुणा मुळीच नकोत.

कागदवाला:
पावसात जेल पेन आणि शाईपेन बाद, शाई पसरते. बॉलपेन ओल्या कागदावर घसरतं. २बी पेन्सिल चालते. वहीऐवजी परीक्षेच्या पॅडवर ए५ आकाराचे सुटे कागद आणि दोन क्लिपा, वरच्या एका क्लिपेने वाऱ्यात कागद फडफडतो. पॅडवरून ओढून घेता येईल एवढी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी द्या, हात आत घालून लिहिता येतं. चित्राला किमान २०० जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम, आकडा मोठा तितका कागद जाड) कागद. झाडाच्या सालीवर कागद ठेवून ठसे घ्यायचे असतील तर उलट पातळ, ७० जीएसएम, आणि मेणखडू आडवा धरून घासायचा. ओल्या सालीवर कागद फाटतो, तेव्हा पाऊस असेल तर ठसे वगळाच.

मुरूम:
मातीचे रंग टेकडीवर करायला बसू नका, वेळ पुरत नाही. तिथून दोन-तीन जागची मूठ-मूठ माती आणा, रंग नंतर शाळेत करा.

माती पाण्यात ढवळायची, अर्धा मिनिट थांबून वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. तळाची रेती टाकून द्या. गढूळ पाणी रात्रभर ठेवलं की गाळ बसतो. निथळून वाळवा, वाटा, मलमलीतून चाळा. वेगळीकडे एक भाग बाभळीचा डिंक दोन भाग कोमट पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. धावड्याचा डिंक नको, तो पूर्ण विरघळत नाही, फुगलेल्या गाठी राहतात. दोन चमचे मातीला एक चमचा डिंकाचं पाणी, बुरशी येऊ नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब.

वाळल्यावर बोटाला भुकटी लागली तर डिंक कमी पडला. चकाकी येऊन पापुद्रे सुटले तर जास्त झाला. काळी माती मात्र डिंक बरोबर असूनही तडकते, कारण ती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते. तिचे पातळ थर द्या किंवा तिच्यात मुरमाची भुकटी मिसळा. पांढऱ्यासाठी तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक, वारली चित्रांत असतं तसं.

रानवही:
दहा मुलांमागे एक मोठं माणूस धरा. दगड उलटवू देऊ नका, खाली फुरसं (विषारी साप) असू शकतं. टेकडीवरच्या दगडखाणीच्या कडेपासून लांब बसवा, पावसाळ्यात ती निसरडी असते. परवानगीचं वनखात्याकडे आधीच विचारून ठेवा, माती आणायचीय हेही सांगा. पुढे कधी अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात नेलंत तर तिथून पडलेलं पानही उचलायचं नाही. माती तर नाहीच.

पाटीपेन्सिल:
मनापासून आभार. हे सगळं वर्गात एकत्र कसं मांडू? भिंतीवर लावलं की आठवड्यात फाटतं.

कागदवाला:
ए३ कागदाची आठ पानी पुस्तिका करा. आठ समान चौकटी पडतील अशा घड्या घाला, मग अर्धा दुमडून दुमडलेल्या बाजूने मधल्या आडव्या घडीवर फक्त एक चौकट कापा. उघडल्यावर मधोमध दोन चौकटींची चीर दिसते. मोकळ्या बाजूने कापलं तर चिरा दोन्ही टोकांना पडतात आणि पुस्तिका होत नाही, तीस मुलांत चार-पाच जण तसं करतातच. जादा कागद ठेवा. घडी घालून पानांना क्रमांक टाकायचे आणि कागद उघडून चित्रं काढायची. वरची चार पानं उघड्या कागदावर उलटी दिसतात, म्हणून कोडं आणि त्याचं उत्तर कुठे जाईल ते क्रमांक बघूनच ठरवा.