होडीची डिझेल टाकी करून घ्यायचीय, पत्रा कुठला घेऊ? जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड), एसएस (स्टेनलेस स्टील) की अॅल्युमिनियम?

हर्णैचा_दर्यावर्दी
नमस्कार मंडळी. आमची २२ फुटी फायबरची होडी आहे, इनबोर्ड डिझेल इंजिन. जुनी लोखंडी टाकी खालून पाझरायला लागलीय, आता पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीत होडी वर ओढलीच आहे तर नवीनच करून घेतो. इंजिनामागे ६० बाय ४० बाय २५ सेंटीमीटर जागा आहे, म्हणजे साधारण ६० लिटर. फॅब्रिकेशनवाला म्हणतो जीआय पत्र्याची करू, गंजायची भानगड नाही आणि स्वस्त पण पडेल. भाऊ म्हणतो फायबरचीच घाल. ३१ जुलैला बंदी संपायच्या आत टाकी बसवायचीय, कोणी केली असेल तर सांगा.

पंप_नोजलवाला
दादा जीआय अजिबात नको! पाण्याच्या टाकीला ठीक आहे ते. डिझेलमधलं थोडंफार आम्ल त्या जस्ताला खातं आणि साबणासारखा चिकट पदार्थ तयार होतो, तो आधी फिल्टरमध्ये बसतो आणि मग नोजलला त्रास. टाकी वरून चकाचक दिसते आणि माणूस इंजिनाला दोष देत बसतो. तांब्याची नळी पण टाळा, तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होऊन डिंक धरतं.

मालवण_वेल्डर
वरच्या भावाशी १०० टक्के सहमत. आता तुमच्या मापाला साधा एमएस, म्हणजे साधं लोखंड, ३ मिलीमीटरचा घेतला तर नुसती टाकी २३ किलोच्या आसपास, तेवढ्याच जाडीचं अॅल्युमिनियम ८ किलोला होतं. अॅल्युमिनियम घेणार असाल तर ५०५२ किंवा ५०८३ ग्रेडच मागा, दुकानात जो मिळेल तो पत्रा उचलू नका, आणि त्यावर पितळी फिटिंग थेट लावू नका, खारं पाणी लागलं की दोन धातूंच्या भांडणात अॅल्युमिनियमच खाल्लं जातं. एसएस म्हणजे ३१६एल, वेल्डिंग आर्गन गॅसचं. बाजारात एसएस म्हणून २०२ हा हलका ग्रेड पण खपवतात आणि लोहचुंबक लावून यातलं काही कळत नाही, मोली टेस्टचा थेंब टाकून घ्या, ३१६ मधलं मॉलिब्डेनम त्यानेच ओळखता येतं. एमएस वाईट नाही हो डिझेलला, आतून रंग मारायचा नाही, बाहेरून इपॉक्सी नीट दोन हात. बरं, जुनी टाकी नेमकी कुठे गळली? खाली काय होतं?

हर्णैचा_दर्यावर्दी
खालच्या कोपऱ्यात, वेल्डिंगजवळ. फळीवर ठेवलेली आणि आदळू नये म्हणून खाली गोणपाट घातलेलं.

मालवण_वेल्डर
मग तुमचं उत्तर तिथेच आहे. गोणपाट खारं पाणी धरून ठेवतं, तो तळ कधी सुकतच नाही, आणि आतून डिझेलखाली साचलेलं पाणी तेच काम करतं. अशा जागी ३१६ ला पण भोकं पडतात, कारण स्टेनलेसला हवा लागते. त्यामुळे पत्र्यापेक्षा मी आधी तळ बघेन. खाली रबराच्या पट्ट्या, त्या टाकीला पक्क्या चिकटवलेल्या, मधून हवा खेळली पाहिजे. तळाला एका कोपऱ्याकडे उतार द्या आणि तिथे पाणी काढायला कॉक. वर हात जाईल एवढं झाकण ठेवा म्हणजे दरवर्षी आत बघता येईल. इंजिनाची नळी वरूनच आत सोडा, तळापासून थोडी उंच. मध्ये एक आडवा पडदा घाला, नाहीतर लाटेत ५० किलो डिझेल इकडून तिकडे आपटत राहतं आणि वेल्डिंग थकतं. पडद्याचे खालचे-वरचे कोपरे कापायला विसरू नका, म्हणजे डिझेल आणि हवा दोन्ही बाजूंना जाईल.

रत्नागिरी_आउटबोर्ड
फायबरचं विचारलंत म्हणून सांगतो, डिझेलला चांगल्या रेझिनची फायबर टाकी चालते, पण पेट्रोलला नको. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं, ते साध्या पॉलिएस्टर रेझिनला मऊ करतं आणि तो चिकटा थेट कार्बोरेटरमध्ये जातो. आउटबोर्डवाल्यांनी, म्हणजे होडीच्या मागे बाहेर पेट्रोल इंजिन लावणाऱ्यांनी, कंपनीची प्लास्टिक टाकीच घ्यावी, घरी कशाचीच करू नये, पेट्रोलच्या वाफेशी खेळ नको.

हर्णैचा_दर्यावर्दी
खूप आभार सगळ्यांचे. ५०८३ चा पत्रा आणि आर्गनवाला मिळाला तर तेच, नाहीतर एमएस. गळती कशी तपासू बसवायच्या आधी?

मालवण_वेल्डर
सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने ०.२ बार हवा भरा, त्याच्या वर नाही. कॉम्प्रेसर लावूच नका, ६० बाय ४० च्या पत्र्यावर एवढ्याने सुद्धा ४९० किलोचा जोर येतो, टाकी फुगेल. मग सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी, प्रेशरचा काटा पाच मिनिटं हलला नाही पाहिजे. वेल्डिंगवाल्याच्या शेडमध्येच करून घ्या, घरी आणल्यावर नाही.