होल्स्टचा सूट: खर्जाकडे कान द्या

‘बँडसाठी लिहिलेलं म्हणजे शेवटी परेडचंच संगीत,’ असं मत काही जण मांडतात; ते मला अजिबात पटत नाही. इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्टचा बँडसाठीचा १९०९चा ई-फ्लॅटमधला (ई-फ्लॅट हा मूळ सूर धरून बांधलेला) पहिला सूट, म्हणजे अनेक भागांची रचना, ऐका. शकोन (एकच धून पुन्हा पुन्हा फिरवत बांधलेला), इंटरमेझो (मधला भाग) आणि मार्च (कवायतीची चाल) असे तीन भाग. शकोनची ८ बारांची (तालाच्या मापांची) धून आधी ट्यूबा-युफोनियम या पितळी फुंकवाद्यांच्या खर्जात येते, मग वाद्यावाद्यांतून फिरते, मध्येच चक्क उलटी होते. चढ होता तिथे उतार! तिचे पहिले तीन सूर पुढच्या दोन्ही भागांत सापडतात.

मी शाळेत युफोनियम वाजवायचो. २६ जानेवारीच्या सरावाला नागपूरच्या थंडीत माउथपीस ओठांना बर्फासारखा लागायचा आणि आमच्याकडे काम फक्त ठेका धरण्याचं. या शकोनची सुरुवातच आमच्या वाद्यापासून होते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे भरून आले होते.