हिदायतुल्ला आणि आपलं गेलेलं हायकोर्ट

कुणीतरी माजी सरन्यायाधीश न्या. हिदायतुल्लांना '१९६९ मधले ३५ दिवसांचे राष्ट्रपती' म्हणून उरकलं, म्हणून लिहितो. माणूस घडला नागपुरात! मॉरिस कॉलेज, मग केंब्रिज, परत येऊन नागपुरातच वकिली. १९५४ ला नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला अन् हिदायतुल्ला जबलपूरला, मध्य प्रदेश हायकोर्टात. नागपूरला पुढे मुंबई हायकोर्टाचं नुसतं खंडपीठ. आमच्या दारव्ह्याकडे आजोबा 'आपलं हायकोर्ट गेलं' असं म्हणायचे, जणू धुऱ्यावरची (बांधावरची) जमीनच कुणी दाबली. सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि कार्यवाहक राष्ट्रपती या तिन्ही खुर्च्यांवर बसलेला दुसरा कुणी नाही. आणि पहिले मुस्लिम सरन्यायाधीशही तेच, १९६८ ला.